प्रकल्प: वाढदिवस, घरच्या घरी

१३ जुलै २०२५, रविवार

साईटवर रोजची डायरी लिहायची सवय आहे. सिमेंट किती आलं, माणसं किती होती, पाऊस किती वाजता लागला. तीच सवय घरच्या कामाला लावतोय, कारण कामाचं स्वरूप तेच आहे: तारीख पक्की, जागा अपुरी, आणि ऐनवेळी कोण काय करील याचा भरवसा नाही.

काम: लेकीचा पाचवा वाढदिवस. रविवार, ३ ऑगस्ट, दुपारी साडेचार ते साडेसहा. जागा: आमचा हॉल. पावसाळा आहे, त्यामुळे खालचं पटांगण धरायचंच नाही.

मागच्या वर्षी बाहेर केला होता. तयार पॅकेज, फुग्यांची कमान, माईकवाला. जिचा वाढदिवस ती टेबलाखाली जाऊन बसली. माईकवाला "बर्थडे गर्ल कुठंय?" म्हणून ओरडला की ती आणखी आत सरकायची. शेवटी मीच गुडघ्यावर जाऊन तिला बाहेर काढलं. यंदा घरीच, असं बायकोने जानेवारीत जाहीर केलं आणि मी हो म्हणालो. जानेवारीत काहीही हो म्हणता येतं.

हॉल मोजला. ११ बाय १६ फूट. सोफा आणि टीव्हीचं युनिट सोडून मोकळी जागा जेमतेम १२० चौरस फूट. मुलं १३: शाळेतली पाच, सोसायटीतली सहा, आमची एक, आणि ताईचा धाकटा, वय वर्षं अडीच. यादी कापून पाहिली, कापता येत नाही. सोसायटीत एकाला बोलावून दुसऱ्याला वगळलं तर पुढची दहा वर्षं लिफ्टमध्ये मान खाली घालून उभं राहावं लागेल.

खालच्या मजल्यावरच्या काकांना आधीच सांगून आलो. ते म्हणाले, "स्लॅब टिकेल ना रे?" थट्टाच होती, पण मी घरी येऊन हिशोब केला. राहत्या घराच्या खोलीला आपल्याकडच्या बांधकामाच्या कोडप्रमाणे चौरस मीटरला २०० किलोचा भार धरतात. हॉल १६ चौरस मीटर, म्हणजे ३,२०० किलो. पाच वर्षांचं मूल साधारण १८ किलो, तेरा मुलांचे २३४. स्लॅबला धोका नाही. काकांच्या डोक्याचा हिशोब कोडमध्ये नाही, म्हणून त्यांची दुपारची झोप संपल्यावरची वेळ घेतली आहे.

१६ जुलै, बुधवार

ऑफिसात ज्याला सांगावं त्याच्याकडे एक नंबर तयार. जादूगाराचा, टॅटूवालीचा, हवेच्या उड्यांच्या गादीवाल्याचा. सगळ्यांना नाही म्हटलं.

आई म्हणाली, "आम्हाला रमवायला कुणी येत नव्हतं. आमच्यावर राज्य यायचं, तेवढं पुरायचं." तिचं लहानपण वाईच्या वाड्यातलं. तिच्याकडे अंगण होतं, माझ्याकडे १२० चौरस फूट आहेत, हे तिच्या लक्षात आणून दिलं. तरी तिच्याकडून यादी काढून घेतली आणि जागेनुसार चाळली.

लपाछपी बाद. दोन बेडरूमच्या घरात तेरा जण लपायला गेले की कुणीतरी कपाटात शिरणारच. आंधळी कोशिंबीर बाद, कारण टीव्ही. विषामृत हॉलमध्ये पळता येत नाही म्हणून बाद. उरले: तळ्यात-मळ्यात, मामाचं पत्र हरवलं, शिवाजी म्हणतो, चिमणी उडाली भुर्र. बायकोने संगीत खुर्ची घातली. वाढदिवस म्हटलं की ती लागतेच म्हणे.

बसून करायचं एक काम हवं होतं. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली शेकडो खेळणी आठवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. त्यांतला उडता मासा घेतला. वर्तमानपत्राची पट्टी कापायची, दोन सेंटीमीटर रुंद, बारा-तेरा लांब. एका टोकापासून दीड सेंटीमीटरवर वरच्या कडेने अर्ध्यापर्यंत काप द्यायचा, दुसऱ्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर खालच्या कडेने. मग पट्टी वळवून दोन्ही काप एकमेकांत अडकवायचे. मासा तयार. उंचावरून सोडला की गरगर फिरत खाली येतो. पहिले दोन मी दोन्ही काप एकाच कडेला दिले, ते अडकेनातच. लेक बघत होती. "बाबा, एक वर, एक खाली," तिने सांगितलं.

खर्च: कालचा पेपर.

२० जुलै, रविवार

चाचणी. सोसायटीतली चार आणि आमची, अशी पाच मुलं जमवली. "बिस्किटं मिळतील" एवढंच कारण सांगितलं.

संगीत खुर्ची पहिली, कारण तिच्याबद्दल शंकाच नव्हती. चार खुर्च्या, मोबाईलवर गाणं. गाणं थांबलं, दुसऱ्या मजल्यावरचा एक जण बाद. खुर्ची काढली, पुन्हा गाणं. घड्याळ लावून बसलो होतो, म्हणून आकडे आहेत: पहिला बाद झाला दुसऱ्या मिनिटाला, खेळ संपला नवव्या मिनिटाला. मधल्या सात मिनिटांत त्या पोराने फ्रीज उघडला, कोथिंबीर बाहेर काढली, आणि बाद झालेली दुसरी आल्यावर दोघांनी मिळून ती सोफ्यावर लावली. शेत केलं म्हणे. तिसरी बाद झाली ती रडतच. जिंकलेल्याचं कौतुक करायला कुणीच उरलं नव्हतं, तो एकटाच खुर्चीवर बसून होता.

म्हणजे पाच मुलांत सात मिनिटं मोकळी. तेरा मुलांत पहिल्या बाद झालेल्याला किती वेळ मिळेल आणि तो काय काय उघडेल!

बाद होण्याचा खेळ मोठ्यांना बघायला मजेचा असतो. लहान बाद झालं की ते आपल्या घरात एक बेकार मूल, हातात काही नाही आणि डोक्यात राग. संगीत खुर्ची रद्द. बायकोचं मत वेगळं होतं, पण कोथिंबीर निवडायला तीच बसली होती, त्यामुळे चर्चा लांबली नाही.

तळ्यात-मळ्यात बरं गेलं. हॉलच्या मधोमध मास्किंग टेपची रेघ, इकडे मळा, तिकडे तळं. बाद करायचं नाही म्हणून मी नियम काढला: चुकेल त्याने पुढे पुकारायचं. दोन मिनिटांत पाचही जण मुद्दाम चुकायला लागले. पुकारायला मिळणं हेच बक्षीस झालं. नियमात माझीच चूक. पुकारायला आईला बसवायचं ठरलं.

जाता जाता आईने काम सोपं केलं. "त्यात काय, सगळ्यांनाच कच्चं लिंबू धरा." आमच्या लहानपणी धाकट्या भावंडाला खेळात घ्यावं लागायचं, नाहीतर ते घरी जाऊन सांगायचं. मग त्याला कच्चं लिंबू करायचं. पळू द्यायचं, पकडायचं, पण राज्य द्यायचं नाही आणि बाद धरायचं नाही. आता तेराच्या तेरा कच्ची लिंबं.

२४ जुलै, गुरुवार

दीप अमावास्या. आईने सगळे दिवे घासून पाटावर मांडले, कणकेचे गोड दिवे केले. पूजेच्या वेळी हॉलमधला लाईट बंद होता. लेकीने समईसमोर हात हलवला आणि भिंतीवर केवढा तरी मोठा पंजा उमटला. ती दचकली, मग हसली, मग पुढचा अर्धा तास कुत्रा, ससा, पक्षी. मी शेवटी कंटाळलो, ती नाही.

यादीत एक आयटम वाढला: सावल्या. आतल्या खोलीत, पडदे लावून, भिंतीवर. समई नाही, टॉर्च.

२७ जुलै, रविवार

खरेदी. रविवार पेठेत बोहरी आळी. पावसात छत्र्या एकमेकींत अडकतात, त्यात खांद्यावर लेक.

फुगे ४०, हातपंप, पताकांचा कागद, १३ लाकडी फिरक्या, बोटांनी फिरवायच्या. एका दुकानदाराने फेसाचा स्प्रे पुढे केला, "केक कापताना उडवा, फोटो मस्त येतात." नको म्हटलं. त्या डब्यात फेस बाहेर ढकलायला बहुधा पेट घेणारा वायू असतो, आणि आमच्याकडे केकच्या आधी औक्षण आहे, म्हणजे निरांजन पेटलेलं. गॅसच्या फुग्यांचंही तेच. स्वस्तातल्या फुग्यात हायड्रोजन असला तर ठिणगी पुरते. आपले पंपाने भरलेले फुगे खालीच पडतात, पण आम्हाला ते पडायलाच हवेत, कारण खेळ तो आहे: फुगा जमिनीला लागू द्यायचा नाही.

प्लॅस्टिकच्या काड्यांवर लावलेले फुगे आणि थर्माकोलची अक्षरं कुठे दिसली नाहीत. १ जुलै २०२२ पासून त्या काड्यांवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तेव्हा ते नसणं बरोबरच. अक्षरं कार्डशीटची कापू.

खाऊ भरलेला मोठा फुगा घ्यायचा का, यावर येताना रिक्षात वाद. तो फोडला की सगळे एका ठिकाणी तुटून पडतात, दांडग्याच्या हातात आठ चॉकलेटं आणि लहानाच्या हातात कोपर. आई म्हणाली, "बोरन्हाण घाला." ऑगस्टमध्ये? "बोरं नाहीत तर नाहीत." संक्रांतीला लहान मुलांच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात ना, तसं. मुलं सगळीकडे पांगून बसलेली असतात, वरून पडतं, सगळ्यांना मिळतं. तिची पुढची अट: प्रत्येकाच्या हातात एक वाटी, वाटी भरली की थांबायचं. मंजूर.

२९ जुलै, मंगळवार

भेंडीचे ठसे करून पाहायचे म्हणून संध्याकाळी लवकर आलो. भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा येतो. सुरी हातात घेतली तेवढ्यात आई आली. आज नागपंचमी, चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मी म्हटलं, खायची नाहीये, ठसे करायचेत. "भेंडीला काय माहीत?"

चाचणी पुढे ढकलली.

३० जुलै, बुधवार

ठसे रद्द. भेंडी चिकट, रंग ओले, आणि तेरा जोड्या हात. फुलं सुंदर आली, ती भिंतीवरही आली.

३१ जुलै, गुरुवार

पालकांच्या ग्रुपवर विचारलं, कुणाला काही खायला चालत नाही का. एका आईचा लगेच फोन आला: मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. बरं झालं विचारलं. चिवड्यातले दाणे काढले की झालं, असं आधी वाटलं. मग बायकोने एकेक दाखवायला सुरुवात केली. चिक्की बाद. खिचडी नव्हतीच. काकडीच्या कोशिंबिरीत कूट. आणि पुऱ्या कशात तळणार? आमच्या घरी घाण्याचं शेंगदाणा तेल, वर्षानुवर्षं. सूर्यफुलाची पिशवी आणली, नवी कढई काढली. आई तेव्हापासून म्हणतेय की पुऱ्यांना चव येणार नाही.

ठरलेला बेत: छोट्या पुऱ्या, बिनतिखटाची बटाट्याची भाजी, काकडीच्या चकत्या, केक. श्रावण असल्याने केक बिनअंड्याचा. द्राक्षं आणली तर उभी चिरून, कारण अख्खं द्राक्ष अडीच वर्षांच्या घशात अडकू शकतं. पॉपकॉर्न याच कारणाने नाही. फुगा फुटला की तुकडे लगेच उचलायचे, हे काम माझ्याकडे. तोही घशात जातो आणि गेला तर निघत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

जागा तयार केली. टीव्ही आतल्या खोलीत, काचेची टीपॉय गॅलरीत, आणि मग लक्षात आलं की गॅलरीत टीपॉय म्हणजे कठड्यावर चढायची पायरी. ती शेजाऱ्यांकडे. कुंड्यांचं स्टूलही तिकडेच. गॅलरीचं दार बंद, चावी माझ्या खिशात.

बाथरूमच्या दाराला आतून कडी आहे. पाच वर्षांचं मूल ती सहज लावतं आणि घाबरलं की काढू शकत नाही. दार तोडायची वेळ येण्यापेक्षा कडीच काढली. चार स्क्रू, एका डब्यात ठेवले. दारावर कागद लावला, एका बाजूला लाल, एका बाजूला हिरवा.

रात्री फुगे. ४० पैकी तीन पंपाखालीच फुटले. बायको म्हणाली, तू झोप, नाहीतर उद्या तूच रडशील.

३ ऑगस्ट, रविवार

४.०५: पहिला पाहुणा, वेळेच्या पंचवीस मिनिटं आधी. वडील दारातूनच "साडेसहाला येतो" म्हणून लिफ्टमध्ये. काही तयार नव्हतं, पण पट्ट्या कापलेल्या होत्या. त्याला माशांच्या चटईवर बसवलं. येणारं प्रत्येक मूल थेट चटईवर जात होतं, त्यामुळे "आता काय?" हा प्रश्न पहिली पंचवीस मिनिटं आलाच नाही.

४.४०: पुरेसे मासे झाले. सोफ्यावर उभं राहून सोडायची परवानगी दिली. सोफ्यावर उभं राहायची परवानगी हा मुलांच्या मते दिवसातला सर्वांत मोठा आयटम होता. माशांपेक्षा.

४.५०: आगगाडी. एकामागोमाग खांदे धरून झुकझुक करत हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर, परत हॉल. एका खेळातून दुसऱ्यात जाताना गोंधळ होतो, तिथे ही घातली आहे. इंजिन प्रत्येक वेळी नवं. तेवढ्या वेळात बायको पुढचं सामान मांडते.

४.५५: तळ्यात-मळ्यात. आई खुर्चीवर बसून पुकारत होती, तिचा आवाज वाड्यातला, माईक लागला नाही. तिसऱ्या उडीला एक मुलगी धप्पकन बसली. मोजे! गुळगुळीत फरशीवर मोजे घालून तेरा मुलं. हे साईटवर माझ्याकडून सुटलं नसतं. सगळ्यांचे मोजे काढले, सव्वीस, एका पिशवीत. पुढचं संकट मी तिथेच पेरलं, पण ते नंतर.

५.०५: मामाचं पत्र. गोल बसवलं, रुमाल घेऊन मी पहिली फेरी मारली. "मामाचं पत्र हरवलं..." शाळेतली एक मुलगी हात वर करून: "पत्र म्हणजे काय?" मी सांगायला लागलो, पोस्टमन, पाकीट, तिकीट. दोघांनी जांभई दिली. लेक म्हणाली, "अगं, पार्सल." सगळ्यांना कळलं. मग मामाचं पार्सल हरवलं. माझ्या मागे रुमाल पडला तेव्हा मीच सर्वांत शेवटी ओळखलं.

५.१५: एक मुलगा कमी. मोजले, बारा. पॅसेजमध्ये दाराच्या मागे सापडला, भिंतीकडे तोंड करून. रडत नव्हता, नुसता उभा. मी "चल, चल, मजा येतेय" सुरू करणार होतो, आणि मला तो माईकवाला आठवला. गप्प बसलो. आईने येऊन काहीच विचारलं नाही. कणकेचा एक गोळा त्याच्या हातात दिला आणि पुऱ्या लाटायला परत गेली. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेला दिसला. त्याने कणकेचे साप केले होते, लहान ते मोठा असे ओळीने सात. मग आणखी तिघं तिथे जाऊन बसली. कार्यक्रमात हा आयटम नव्हता. चार मुलं वीस मिनिटं शांत, खर्च दोन मुठी कणीक.

५.३५: फुगे. आठ हवेत, जमिनीला लावायचे नाहीत. हसण्याचा आवाज इतका की काकांचा फोन आला असं वाटलं, पण तो केकवाल्याचा होता, आवडला का विचारायला. दोन फुगे फुटले, तुकडे उचलले, मोजले.

इथेच भाच्याने बंड केलं. अडीच वर्षांचा, दुपारपासून सगळ्यांच्या पायात. त्याला कुणीतरी समजावलं, "तू कच्चं लिंबू आहेस." तो पाय आपटून: "नाई! मी पक्कं!" मग त्याच्यावर राज्य दिलं. म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं, पण बारा मुलं आपल्यापासून पळतायत हे बघून तो जागच्या जागी उड्या मारायला लागला. बाकीचे "मला पण राज्य, मला पण" करत त्याच्या मागे. कच्च्या लिंबांची माझी योजना तिथे संपली.

५.५०: औक्षण. पाट, रांगोळी, निरांजन, सुपारी, अंगठी. लेक टेबलाखाली गेली नाही. पाटावर नीट बसली आणि आजीच्या हातातल्या ताम्हनाकडे बघत राहिली. तेरा मुलं अर्धा मिनिट गप्प. मेणबत्त्या आईला पटत नाहीत, दिवा फुंकायचा नसतो, म्हणून केकवर मेणबत्ती नाही. एकाने विचारलं, "मग फुंकायचं काय?" त्याला फुगा दिला.

६.००: खाणं. पुऱ्यांना चव होती. आई काही बोलली नाही. कणकेच्या सापांच्या मालकाने पाच खाल्ल्या.

६.१५: सावल्या, आतल्या खोलीत. पोटं भरली की उड्या नकोत, म्हणून ही शेवटी ठेवली होती. पडदे ओढले, टॉर्च स्टुलावर. सगळ्यांना एकदम टॉर्चपुढे यायचं होतं, तेव्हा अंधारात जरा चेंगराचेंगरी. तिघा-तिघांना उभं केल्यावर जमलं. एकाने केलेला प्राणी कुणालाच ओळखता येईना. "जेसीबी," तो म्हणाला. खरंच जेसीबी होता. दात आणि बूमसकट.

६.२५: बोरन्हाण. वाट्या वाटल्या, मुलं हॉलभर पसरून बसली, बायकोने सोफ्यावर उभं राहून परातीतून चुरमुरे, खोडरबरं, स्टिकर आणि कागदातल्या फिरक्या ओतल्या. रडणं नाही. वाटी भरली की थांबायचं हे सगळ्यांनी पाळलं. भाच्याने वाटी डोक्यावर घातली होती.

६.३० ते ७.१०: मोजे. सव्वीस मोजे एका पिशवीत, त्यांतले अर्धे पांढरे शाळेचे. दारात बारा जणांचे आईवडील, चपलांचा ढीग, आणि मी पॅसेजमध्ये मांडी घालून जोड्या लावतोय. ठरल्यापेक्षा चाळीस मिनिटं जास्त गेली ती इथेच.

४ ऑगस्ट, सोमवार

राहिलेली कामं. टेपचा डिंक फरशीवर, खोबरेल तेलाने निघतोय. चुरमुरे सोफ्याच्या फटीत, दिवाळीपर्यंत निघत राहतील. एक मोजा जास्त उरलाय, डावा, निळा. ग्रुपवर फोटो टाकला, कुणाचाच नाही.

काकांना पुऱ्या द्यायला गेलो. म्हणाले, आवाज फारसा आला नाही. त्यांनी श्रवणयंत्र काढून ठेवलं होतं.

लेकीला विचारलं, सगळ्यात काय आवडलं. सोफ्यावर उभं राहिलो ते.

बाथरूमची कडी परत बसवायची आहे. स्क्रूंचा डबा सापडत नाही. आगगाडीला गार्डचा डबा नव्हता म्हणून कुणीतरी तो नेल्याचं आई सांगते. तोपर्यंत लाल-हिरवा कागद.